बसून ९६, चालल्यावर किती?

नमस्कार श्रोतेहो.

करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले. अजूनही कितीतरी रुग्ण खुर्चीवर टेकायच्या आत सांगतात, "डॉक्टरसाहेब, ऑक्सिजन ९६ आहे, पण जिना चढला की दम भरते." दोन्ही खरं असतं. फुप्फुसं व्रण धरून कडक झाली असली, किंवा जुन्या टीबीनं त्यांचा काही भाग निकामी केला असला, तर बसल्या जागी आकडा छान दिसतो आणि चालू लागलं की भराभर उतरू शकतो. म्हणून अशा माणसाला चालवून पाहावं लागतं.

त्याआधी तपासणी. नाडी बघतोय असं दाखवून आम्ही पूर्ण मिनिटभर श्वास मोजतो, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मानेचे स्नायू ताणले जातायत का, ओठ आवळून श्वास सोडतोय का, पावलांवर सूज आहे का, हे स्टेथोस्कोप लावण्याआधीच दिसतं. मग दोन्ही तर्जनींची नखं एकमेकींना टेकवायला सांगतो. एरवी मधे शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसते. ती बुजली असेल तर बोटांची टोकं फुगलेली आहेत, आणि मग छातीचा फोटो जरा जास्तच बारकाईनं बघावा लागतो.

चाचणी साधी: ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर आणि सहा मिनिटं. आपल्या चालीनं चालायचं, दम लागला तर थांबायचं, वाटलं तर पुन्हा निघायचं. घड्याळ मात्र थांबत नाही. दम किती लागला, ते शून्य ते दहामध्ये रुग्णानंच सांगायचं. आम्ही शेजारून चालत नाही, नाहीतर तो आमची चाल धरतो. दर मिनिटाला ठरलेलं एखादं वाक्य बोलतो, बस. "चला बाबा, जोरात!" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी सरळ बाहेर बसवतो. प्रेमापोटी असलं, तरी त्यानं अंतर खोटं वाढतं.

महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर चाचणी नाहीच. बसल्या बसल्या नाडी १२० च्या वर, किंवा बीपी १८०-१०० च्या वर असेल, तरी आधी त्याचं बघतो. चालताना छातीत दुखलं, झोक जाऊ लागला, घाम फुटून चेहरा पांढराफटक पडला, किंवा ऑक्सिजन ८० च्या खाली गेला, की तिथंच खुर्ची. ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतोच.

व्हिडिओ पाहून कुणी आजारी वडिलांना फुटाळा तलावाच्या काठावर घड्याळ लावून चालवत असेल, तर कृपा करून थांबा. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथं दम आजारानं लागला की उन्हानं, हे कसं कळणार?

चाचणीला येताना हलकं खाऊन या, नेहमीचा श्वासाचा पंप (इनहेलर) चुकवू नका, पायात घट्ट बसणारे बूट असू द्या. नखांवर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर ऑक्सिमीटर फसतो. घरी ऑक्सिजन लावत असाल, तर किती लिटरवर, ते लिहून आणा. आम्ही तेवढ्यावरच चालवू.