नवतप्यातली ९११ : आयडलिंगची मिसिंग आणि दाबाची सुई

मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापीचे नऊ दिवस लागलेले असताना, नागपुरात सकाळी साडेआठलाच डांबर तापू लागते. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यांच्या गाड्यांपासून थोड्या अंतरावर उभी असलेली ही १९८२ सालची पोर्शे ९११ एससी धरमपेठेतून इथवर धावत आली आहे. सिग्नलवर थांबताना तिचे इंजिन मिसिंग करत होते, म्हणजे मधूनमधून ठोके चुकवत होते. रस्ता मोकळा मिळाला की ते सुरळीत चालत होते. पोहे आणि चहा आटोपून, साधारण पंचवीस मिनिटांनी, मालकांनी किल्ली फिरवली. स्टार्टर दमदार फिरला, पण इंजिन सुरू झाले नाही. तासाभराने तेच इंजिन, कोणीही हात न लावता, दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे मंद फिरणे, बसत नाही आणि गरम इंजिन सुरू होत नाही, या दोन तक्रारी एकत्र आल्या की त्यांचे मूळही एकच असावे असे वाटू लागते. ही गाडी याआधी ज्या गॅरेजमध्ये गेली होती, तिथे याच समजुतीने हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोलचे प्रमाण वाढवण्यात आले. आयडलिंग पंधरा दिवस बरे वाटले. गरम स्टार्टचा त्रास मात्र तसाच राहिला, प्लग काळे पडू लागले आणि मूळ सेटिंगची खूणही हरवली.

घाट रोडच्या एका आतल्या गल्लीत ज्या मिस्त्रींकडे ही गाडी आता आली आहे, त्यांचे हात अँबेसेडर आणि पद्मिनी यांच्यावर तयार झालेले आहेत. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असे आणि उन्हाळ्यात आतल्या पेट्रोलची वाफ झाली की ओला फडका पंपावर टाकून दहा मिनिटे वाट पाहणे हा सर्वज्ञात उपाय होता. या गाडीत फडका टाकायला जागाच नाही, कारण इंजिन मागे आहे आणि विजेवर चालणारा पंप पुढच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली. तरीही त्या फडक्यामागचा तर्क इथेही लागू पडतो, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ओळखले.

या इंजिनात कार्बोरेटर नाही. बॉशने १९७३ मध्ये आणलेली के-जेट्रॉनिक ही इंधनप्रणाली त्यात आहे आणि पेट्रोल मोजण्याचे तिचे काम जवळजवळ संपूर्णपणे यांत्रिक आहे. इंजिन जी हवा ओढते ती एका गोल तबकडीला उचलते, तबकडीची दांडी इंधन-वितरकातील एक बारीक प्लंजर वर ढकलते, आणि त्या प्रमाणात सहाही इंजेक्टरांतून पेट्रोलची अखंड धार सुरू राहते. तबकडीवरून गेलेल्या हवेचाच हिशोब या यंत्रणेला ठाऊक असतो. तबकडीच्या पुढे एखाद्या चिरलेल्या रबरातून चोरवाटेने शिरलेली हवा तिच्या हिशोबात येत नाही, आणि आयडलिंगला मुळात हवा फार थोडी लागत असल्यामुळे ही चोरटी हवा तेव्हाच सर्वांत जास्त जाणवते. वेग वाढला की तिचे प्रमाण नगण्य होते आणि मिसिंग नाहीसे होते.

मिस्त्रींनी आधी स्पार्क तपासला, तोही गाडी सुरू होत नव्हती त्या गरम अवस्थेतच, कारण थंड इंजिनावर पाहिलेला स्पार्क या तक्रारीत काहीच सिद्ध करत नाही. स्पार्क स्वच्छ होता. मग चालू इंजिनावर त्यांनी ऑइल भरण्याचे झाकण उघडले. ऑइल टाकीचा श्वास या इंजिनात हवेच्या मार्गाला जोडलेला असतो, म्हणून निरोगी इंजिन झाकण उघडताच अडखळते. हे इंजिन जेमतेम हलले, म्हणजे हवा आधीच दुसरीकडून शिरत होती. ती कुठून येते हे शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आमच्या मते ती आगीला दिलेले आमंत्रण आहे. इथे बंद इंजिनाच्या हवामार्गात अगदी कमी दाबाने धूर सोडण्यात आला. धुराची एक बारीक रेघ तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या रबरी जोडातून वर आली आणि दुसरी एका इंजेक्टरच्या बुडाशी दिसली. तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, काढताना मातीच्या बांगडीसारखी तुटली.

ही रबरे बदलल्यावर आयडलिंग सुधारले, पण गरम स्टार्टचे दुखणे जागच्या जागी होते. मालकांनी मिश्रणाच्या स्क्रूकडे बोट दाखवले, तेव्हा मिस्त्री एवढेच म्हणाले, "भाऊ, पहिले दाब पाहू, मंग स्क्रूले हात लावू."

पेट्रोल पाण्यासारखे एकाच तापमानाला उकळत नाही. त्यातील हलके घटक उघड्या हवेच्या दाबाखाली ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात, आणि इतके तर नागपूरच्या मे महिन्यात सावलीतले तापमानच असते. इंजिन बंद केले की त्याला थंड ठेवणारा पंखाही थांबतो, धातूत आणि ऑइलमध्ये साठलेली उष्णता वर चढते, आणि पुढची वीस-तीस मिनिटे इंधनाच्या नळ्या गाडी चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. म्हणूनच ही गाडी पाच मिनिटांच्या थांब्यानंतर सुरू होई, तासाभरानंतरही सुरू होई, आणि नेमकी पोह्यांच्या वेळेत अडून बसे. एरवी या अवस्थेत नळ्यांतील पेट्रोलवर दाब टिकून राहतो आणि दाबाखालचे पेट्रोल उकळत नाही. हा दाब धरून ठेवण्याचे काम पंपाच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि डायफ्राम (लवचीक पडदा) असलेला अ‍ॅक्युम्युलेटर आणि घट्ट मिटलेले इंजेक्टर मिळून करतात.

इंजेक्टर गळत असते तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचून त्याचा वास आला असता आणि पेडल पूर्ण दाबल्यावर इंजिन सुरू झाले असते. इथे वास नव्हता. तबकडीजवळच्या स्विचची जोडणी काढून केवळ इग्निशन चालू ठेवल्यावर पंप अर्धा मिनिट फिरला, नळ्यांतील वाफ टाकीकडे परतली, आणि जोडणी लावताच इंजिन सुरू झाले. संशय पक्का झाला.

इंधन-वितरक आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिनाच्या तापमानानुसार मिश्रण सांभाळणारा भाग) यांच्या मधल्या नळीत दाबाचे गेज बसवण्याआधी मिस्त्रींनी ते गेज दुसऱ्या एका गेजशी ताडून पाहिले. मे २०२४ च्या अखेरीस याच शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते आणि देशभर बातम्या झाल्यावर हवामान विभागाला सेन्सर बिघडल्याचे सांगावे लागले होते, तेव्हा नागपूरकरांना ही खबरदारी समजावून सांगण्याची गरज नाही.

गरम इंजिनावर नियंत्रक दाब, म्हणजे प्लंजरला वरून रोखणारा पेट्रोलचा दाब, साडेतीन बारच्या आसपास होता, म्हणजे चालू अवस्थेत सारे ठीक होते. इंजिन बंद केल्यानंतर वीस मिनिटांनीही ही सुई एका बारच्या वर राहायला हवी. ती चार मिनिटांत शून्यावर आली. अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागची बारीक नळी सोडवली, तेव्हा कोरड्या असायला हव्या त्या तोंडातून पेट्रोल ठिबकले; आतला डायफ्राम फाटला होता. नवा अ‍ॅक्युम्युलेटर बसवल्यावर सुई चारऐवजी अकरा मिनिटांत पडली. इथे बहुतेक जण समाधान मानून गाडी परत देतात. मिस्त्रींनी पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्हही बदलला आणि पुन्हा घड्याळ लावले. या वेळी विसाव्या मिनिटाला सुई दीड बारच्या थोडी वर उभी होती.

सर्वांत शेवटी मिश्रणाची पाळी आली. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते, आणि शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेली यांत्रिक मापणी त्यावर थोडी कोरडी पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड पीयूसी केंद्रातल्या यंत्रावर पाहत, ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने स्क्रू केसभर फिरवायचा, की बाहेर काढायची, मगच रेस देऊन इंजिन स्थिर होऊ द्यायचे, असे हे काम दुपारभर चालले. की आत असताना रेस दिली तर ती तबकडीच्या दांडीत अडकते, म्हणून घाई इथे महागात पडते. या आधी वाढवलेले पेट्रोल बरेचसे कमी करावे लागले.

त्याच आठवड्यात गाडी पुन्हा कस्तुरचंद पार्कला नेली आणि पंचवीस मिनिटे उन्हात उभी केली. किल्लीच्या पहिल्या फिरवणीत इंजिन सुरू झाले आणि आयडलिंग ९०० फेऱ्यांवर बसले. पंपाकडून येणाऱ्या रबरी नळ्या मात्र अजून जुन्याच आहेत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या येईपर्यंत मिस्त्री दर रविवारी गाडीखाली शिरून त्यांच्यावरून कोरडा कपडा फिरवतात आणि तो नाकाशी धरून पाहतात.