दुधी काचेचा गोळा आणि त्याच्या मानेतली भूमिती

मित्रहो, शाळेतला पृथ्वीगोल आपण सगळ्यांनी फिरवला आहे. त्यावर देश दिसतात, समुद्र दिसतात, पण आज बंगालच्या उपसागरावर ढग कुठे जमलेत ते दिसत नाही. मला हवा होता तो गोल असा, की त्याच्यावरचं चित्र हलेल आणि बोट टेकवलं की ते त्याला कळेल. तो घरी करता येतो.

अमेरिकेतल्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्र संस्थेने ‘सायन्स ऑन अ स्फिअर’ तयार केलं, ते अनेक विज्ञान संग्रहालयांत बसवलेलं आहे. जवळजवळ सहा फूट व्यासाचा टांगलेला गोल आणि त्याच्यावर चहूबाजूंनी प्रकाश टाकणारे चार प्रोजेक्टर. दुरून ते अप्रतिम दिसतं. पण प्रकाश बाहेरून येत असल्यामुळे जवळ जाल तर तुमचीच सावली पृथ्वीवर पडते. बोट लावायचं असेल, तर प्रकाश आतून यायला हवा. २००८ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये ह्र्वोये बेन्को, अँड्र्यू विल्सन आणि रवीन बालकृष्णन यांनी तेच केलं: आतून प्रकाशणारा गोल घेतला आणि प्रोजेक्टरच्याच वाटेने आत पाहणारा इन्फ्रारेड कॅमेरा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपणारा कॅमेरा, त्याला जोडला. आपला घरगुती गोल याच घराण्यातला.

सामान फार नाही. बंगल्याच्या फाटकावर असतो तसा दुधी काचेचा किंवा ॲक्रिलिकचा दिव्याचा ग्लोब, छोटा प्रोजेक्टर, प्रकाश चहूकडे फाकवणारं एक फिशआय भिंग, कॅमेरा आणि थोडे इन्फ्रारेड एलईडी. खुद्द गोळ्यात काहीच नसतं, ना तार, ना सेन्सर. जे काही घडतं ते त्याच्या मानेत, म्हणजे खालच्या उघड्या तोंडाशी: तिथून प्रोजेक्टर भिंगातून चित्र आत फेकतो आणि कॅमेरा आत पाहतो.

आता दहावीची भूमिती आठवा. अंतर्लिखित कोन हा त्याच कंसाच्या केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. आपलं भिंग गोळ्याच्या तळाशी, म्हणजे परिघावरच बसलेलं आहे. त्यातून सरळ वर गेलेला किरण उत्तर ध्रुवावर पडतो. उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करून निघालेला किरण केंद्रापाशी ९० अंश मोजतो, म्हणजे नेमका विषुववृत्तावर पडतो. ७५ अंशांवरचा ६० अंश दक्षिणेला पोहोचतो. म्हणून १८० अंशांचं भिंग अख्ख्या गोळ्याला पुरतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं प्रमेय इथे प्रत्यक्ष प्रकाशाने सोडवलेलं दिसतं. या सगळ्या उद्योगातला माझ्या दृष्टीने हाच सर्वांत सुंदर भाग आहे, आणि मुलांना तो आधी कागदावर काढायला लावावा, मग गोळा पेटवावा.

याच प्रमेयामुळे नकाशाही सोपा होतो. बऱ्याच फिशआय भिंगांत चित्राच्या मध्यापासूनचं अंतर किरणाच्या कोनाच्या जवळपास प्रमाणात वाढतं. त्यामुळे प्रोजेक्टरला जे चित्र द्यायचं ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या बोधचिन्हातल्या नकाशासारखं दिसतं: मधोमध उत्तर ध्रुव आणि भोवती पसरलेली जमीन. ते बोधचिन्ह ६० अंश दक्षिणेला थांबतं. योगायोग असा, की ३० सेंटिमीटरच्या गोळ्याचं तोंड १५ सेंटिमीटरचं असेल तर आपलीही पृथ्वी तिथेच संपते आणि अंटार्क्टिका मानेत जातं. अंटार्क्टिका शिकवायचं असेल तर चित्र उलटं करून दक्षिण ध्रुव वर आणा.

किंमत मोजावी लागते ती पिक्सेलमध्ये. १२८० गुणिले ७२० च्या प्रोजेक्टरमध्ये ७२० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ बसतं. सव्वानऊ लाखांपैकी साधारण चार लाख सात हजार पिक्सेल कामाला येतात, बाकीचे काळे. शिवाय भिंगापासून गोळ्याचा माथा ३० सेंटिमीटरवर आणि विषुववृत्त २१ वर, त्यामुळे फोकस सगळीकडे एकसारखा बसत नाही. लेझर किरण फिरवून चित्र काढणाऱ्या प्रोजेक्टरला हा त्रास नाही, पण त्याच्या भिंगात डोळा घालून कुणी पाहू नये. साधा प्रोजेक्टर असेल तर फोकस विषुववृत्ताच्या थोडं वर बसवा. माणसांची नजर तिथेच असते.

आता स्पर्श. मानेभोवतीचे एलईडी गोळा आतून इन्फ्रारेडने उजळतात. आपल्याला तो प्रकाश दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मात्र साध्या वेबकॅममध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच असते, ती काढावी लागते. आणि चित्राचा दृश्य प्रकाश अडवायला रंगीत फिल्मच्या धुतलेल्या निगेटिव्हचा पूर्ण काळा तुकडा भिंगापुढे लावला तरी चालतो. बाहेरून बोट टेकलं की तेवढ्या जागेवरून जास्त प्रकाश परततो. रिकाम्या गोळ्याचं चित्र वजा केलं की उरतो तो पांढरा ठिपका. बोट नुसतं जवळ असेल तर दुधी काच त्याला पसरट आणि फिकट करते, टेकलं की तो लहान आणि ठळक होतो. स्पर्श कशाला म्हणायचं याची मर्यादा या दोहोंच्या मध्ये ठरवायची.

इथे पुन्हा भूमिती आडवी येते. कॅमेऱ्यातला ठिपका गोल नसतो. विषुववृत्तावर तो दीडपटीहून जास्त आडवा ताणलेला दिसतो आणि ६० अंश दक्षिणेला तर पाचपट, चंद्रकोरीसारखा वाकलेला. आकार पिक्सेलमध्ये मोजलात तर मानेजवळचं बोट हा तळहात समजून प्रोग्राम टाकून देतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलचं आधी अक्षांश-रेखांशात रूपांतर करायचं, मगच मापं घ्यायची. एलईडीचं थेट प्रतिबिंब काचेत चमकतं तिथे कॅमेरा आंधळा होतो, वजाबाकीचा उपयोग नसतो. तिथे एलईडीच हलवावा लागतो. आणि खिडकीशेजारी गोळा मांडू नका, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं.

घरच्या गोळ्यात कॅमेरा भिंगाच्या शेजारी बसतो, दोघांची नजर एक नसते. म्हणून गोळ्यावर ठरावीक जागी ठिपके दाखवायचे, प्रत्येकावर बोट ठेवून कॅमेऱ्याला ते कुठे दिसलं याची नोंद करायची. मधल्या जागांचा हिशोब संगणक करतो.

मग एक बोट मुंबईवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि दोहोंमध्ये सर्वांत जवळच्या वाटेची रेघ प्रोग्रामला काढायला लावा. नातवंडं तिकडे असलेल्या आजी-आजोबांना ही रेघ जरूर दाखवावी. ही वाट साडेतेरा हजार किलोमीटरची, आणि ती पॅसिफिक ओलांडून जात नाही. ती उत्तरेला आर्क्टिकमध्ये ७७ अंशांपर्यंत चढून पलीकडे उतरते. भिंतीवरच्या नकाशात हे पटवून देता देता घसा कोरडा पडतो.

राहता राहिला प्रश्न गर्दीचा. गोळ्याला पुढची बाजू नसते आणि कुणालाच एका वेळी अर्ध्याहून जास्त गोळा दिसत नाही. पलीकडच्या मुलाने पृथ्वी फिरवली की अलीकडच्याचा भारत हातातून जातो. मी असा नियम घातला आहे, की फिरवायचा हक्क पहिल्या टेकलेल्या बोटाला. बाकीची बोटं फक्त खुणा करतात. पहिलं बोट उचललं की त्यानंतर टेकलेल्या बोटाचा नंबर.