तार एकाची, विक्रेते अनेक

देशोदेशींच्या ब्रॉडबँड दरांचे तक्ते आपण नेहमी पाहतो. महिन्याचे शुल्क डॉलरमध्ये मांडायचे, त्याला वेगाने भागायचे आणि देशांना क्रमांक देऊन मोकळे व्हायचे, ही त्यांची रीत. मात्र घरात येणारी तार कुणाच्या मालकीची आहे आणि तिच्यावरून सेवा विकण्याची मुभा आणखी कुणाला आहे, हे या तक्त्यांत सहसा दिसत नाही. आणि माझ्या मते दरांतल्या फरकाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

अमेरिकेने १९९६च्या दूरसंचार कायद्याने जुन्या टेलिफोन कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणे भाग पाडले होते. पण घरोघर जाणाऱ्या नव्या फायबरला तिथल्या नियामकाने २००३ साली या सक्तीतून बहुतांशी सोडवले आणि २००५ साली डीएसएललाही, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मिळणाऱ्या इंटरनेटलाही, मोकळीक दिली. आपल्या खर्चाने रस्ता खणून टाकलेली तार दुसऱ्याला वापरू द्यायची असेल, तर कंपनी रस्ता खणेलच कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मात्र त्याचा परिणाम असा झाला की असंख्य घरांपुढे एक केबल कंपनी आणि एक टेलिफोन कंपनी एवढेच पर्याय उरले, आणि जिथे टेलिफोन कंपनीने फायबर टाकलेच नाही तिथे दुसरा पर्याय नावापुरता राहिला.

युरोपीय संघाने २००१पासून नेमकी उलटी वाट धरली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने आपले यंत्र आणून बसवायचे आणि तंत्रज्ञाने ग्राहकाची तांब्याची जोडी जुन्या कंपनीच्या यंत्रावरून काढून नव्या यंत्राला जोडायची, एवढेच काम असे. ग्राहकाच्या दारासमोर कुदळ मारावी लागत नसे. फ्रान्समध्ये ‘फ्री’ या कंपनीने २००२ साली महिना २९.९९ युरोला एडीएसएल (डीएसएलचाच एक प्रकार) दिले, पुढे त्याच पैशांत टेलिफोन आणि टीव्हीही दिला, आणि प्रतिस्पर्ध्यांना त्या आकड्याच्या आसपास येण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

इथे पर्याय या शब्दाबद्दल थोडे सावध राहायला हवे. ब्रिटनमध्ये ग्राहकापुढे कंपन्यांची लांबलचक यादी असते, पण त्यांतल्या बऱ्याच जणी ओपनरीच या बीटी समूहातल्या जाळे-कंपनीच्याच तारेवरून सेवा देतात. अशा दोन कंपन्यांत अदलाबदल केली तर बिल बदलते, ग्राहकसेवा बदलते, राउटरही बदलतो. रस्त्यातल्या खोक्यापासून घरापर्यंतची तार नादुरुस्त असेल तर ती मात्र नादुरुस्तच राहते, आणि दुरुस्तीला येणारा माणूसही ओपनरीचचाच असतो. तारेचा खरा पर्याय हवा असेल तर त्या रस्त्यावर केबलचे किंवा दुसऱ्या कुणाचे फायबर पोहोचलेले असावे लागते. काही ठिकाणी तारेचा मालक आणि सेवेचा विक्रेता वेगळेच ठेवले आहेत. न्यूझीलंडने २०११ साली जुन्या टेलिफोन कंपनीतून तारांचे जाळे सांभाळणारी कोरस ही कंपनी वेगळी काढली आणि तिला किरकोळ विक्रीला मनाई केली, तर स्टॉकहोम शहराने १९९४पासूनच स्वतःची कंपनी काढून नुसते फायबर भाड्याने दिले. ऑस्ट्रेलियात एनबीएन या सरकारी मालकीच्या घाऊक कंपनीच्या जाळ्यावर विक्रेते पुष्कळ आहेत, पण शुल्काचा मोठा वाटा एनबीएनच्या घाऊक दरातच जात असल्याने त्यांना दर पाडायला जागा थोडी उरते.

हे सगळे नियमांवरच ठरते असेही नाही. रुमानियात मोहल्ल्यातल्या छोट्या जाळेवाल्यांनी खांबांवरून, एका इमारतीतून दुसरीत तारा ओढल्या; पुढे मोठ्या कंपन्यांनी ही जाळी विकत घेतली, तरी तिथले दर कमीच राहिले. दक्षिण कोरियात उंच निवासी इमारती भरपूर आहेत, त्यामुळे एका इमारतीपर्यंत फायबर नेले की शेकडो घरे जोडली जातात. विरळ वस्तीच्या देशाची त्याच्याशी तुलना करणे अन्यायाचे आहे.

आता आकड्यांविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक सेवेचे शुल्क दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावे असे लक्ष्य ठेवले. निव्वळ डॉलरपेक्षा हे माप मला अधिक प्रामाणिक वाटते. पण त्यात घालायचा आकडा जाहिरातीतला की बिलातला? ब्रिटनमध्ये २०१६पर्यंत लाइनभाडे जाहिरातीत वेगळे दाखवता येत असे. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०२४पासून विक्रीच्या वेळी एक ठरावीक तक्ता दाखवावा लागतो. त्यात दर सवलतीचा आहे का, सवलत संपल्यावर तो किती होईल आणि मोडेमचे भाडे किती, हे लिहावे लागते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२५पासूनच्या नव्या करारांत महागाईनिर्देशांकाशी बांधलेली वाढ चालत नाही, ती पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते. त्यामुळे या दोन देशांत तरी संपूर्ण कराराचा खर्च सही करण्यापूर्वीच काढता येतो, आणि तुलनेसाठी घ्यायचा तर हाच आकडा घ्यावा.