ग्रेव्हटायचा अंडाकृती मळा

(दृश्य: एप्रिलमधली पहाट. धुक्यात दगडी भिंत. भिंतीतलं लाकडी दार उघडतं.)

स्वयंपाकघरात अजून शेगडी पेटलेली नाही. पण आज रात्रीच्या जेवणाला सुरुवात झालीय, ती इथे, टेकडीवरच्या या मळ्यात. माळी वाकून वाफ्यातली पानं चाचपतोय. कोणती आज खुडायची, कोणती आणखी दोन दिवस ठेवायची, हे तो बोटांनीच ठरवतो.

लंडनच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, वेस्ट ससेक्समध्ये, ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळ ग्रेव्हटाय मॅनर आहे. चारशे वर्षांहून जुनं दगडी घर. आज ते हॉटेल आहे, आणि इथल्या जेवणाला मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटला मिळणारा मान, मिळालेला आहे. जेवायला लोक लांबून येतात. आपण मात्र थोडा वेळ या मळ्यातच थांबू.

(दृश्य: वरून दिसणारा मळा. भिंतीचा पूर्ण घेर.)

ही भिंत नीट बघा. मोठ्या इंग्लिश घरांचे भाजीमळे बहुतेक चौकोनी असतात. हा अंडाकृती आहे. कोपराच नाही, त्यामुळे गारठा साचून राहायला जागाही नाही. जमिनीला दक्षिणेकडे उतार आहे. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून खाली निघून जाते. भिंत वाळूखडकाची. दिवसभर ऊन खाल्लेला दगड रात्री हळूहळू ऊब सोडतो, आणि भिंतीला बिलगून वाढलेल्या फळझाडांना ती मिळते. जेमतेम एकराहून थोडी जास्त जमीन, पण तिच्यात इंग्लंडच्या हवेपेक्षा किंचित उबदार असं स्वतःचं हवामान तयार झालंय. वीज न लावता, काही न जाळता.

ही भिंत बांधणाऱ्या माणसाचं नाव विल्यम रॉबिन्सन.

(दृश्य: घराचा दर्शनी भाग. दगडी चौकटीच्या खिडक्या.)

घर त्याच्याही आधीचं. 1598 मध्ये रिचर्ड इन्फिल्डने ते आपल्या बायकोसाठी, कॅथरिनसाठी, बांधलं. दोघांच्या नावांची आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं आपण ओलांडून जाऊ, कारण ग्रेव्हटायला आजचं रूप आलं ते 1884 मध्ये रॉबिन्सनने ते विकत घेतल्यावर.

रॉबिन्सन जन्माने आयरिश, 1838 सालचा. सुरुवात केली ती साध्या माळीकामापासून. तरुणपणी लंडनला आला आणि रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात नोकरीला लागला. तिथून लेखणी हातात घेतली. 1870 मध्ये त्याचं रानबागेवरचं पुस्तक आलं, 1871 मध्ये त्याने बागकामाचं साप्ताहिक काढलं. त्या लेखणीच्या कमाईतून एका माळ्याने पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली हवेली घेतली, आणि भोवतीची जमीन वाढवत सुमारे हजार एकरांवर नेली. नोकर आणि मालक यांच्यातली रेघ इतकी ठळक असलेल्या त्या इंग्लंडमध्ये हे घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याचं भांडण होतं ते त्या वेळच्या बागांशी. काचगृहात हजारो रोपं वाढवायची, उन्हाळ्यात ती गालिच्याच्या नक्षीसारखी जमिनीत मांडायची, थंडी आली की उपटून फेकायची. रॉबिन्सन म्हणत होता, इथल्या मातीत, इथल्या थंडीत जे आपलं आपण तगेल तेच लावा आणि त्याला त्याच्या चालीने वाढू द्या. इथल्या रानांत, कुरणांत त्याने नार्सिससचे, म्हणजे डॅफोडिलच्या कुळातल्या फुलांचे, कंद हजारोंनी पेरले. पुढे पाय अधू झाले, तेव्हा चाकांच्या खुर्चीतून बागेत फिरला. 1935 मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी तो गेला तो याच घरात.

फुलांसाठी त्याचं नाव राहिलं, पण भाजीवर त्याचा तितकाच जीव होता. फ्रान्समधल्या व्हिल्मोराँ या बियाणेवाल्यांचा भाज्यांवरचा मोठा ग्रंथ त्याने 1885 मध्ये आपल्या देखरेखीखाली इंग्रजीत आणवला. हा अंडाकृती मळा म्हणजे त्याच आवडीचं दगडातलं रूप आहे.

(दृश्य: बंद पडलेल्या मोठ्या घरांची जुनी छायाचित्रं.)

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा घरांचे दिवस फिरले. वारसाकर भरमसाट वाढले, नोकरमाणसं मिळेनाशी झाली, छपरं गळू लागली. 1950 च्या दशकात शेकडो घरं पाडली गेली. वाटण्या आणि बिल्डर यांच्यात गेलेले आपले वाडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही हळहळ वेगळी सांगायला नको. काही घरं मात्र पाहुण्यांना दार उघडून वाचली. उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अल्सवॉटर सरोवराच्या काठी, फ्रान्सिस कोल्सनने 1948 मध्ये शॅरो बे हे हॉटेल सुरू केलं. ब्रिटनमध्ये रेशनिंग पुरतं उठलं ते 1954 मध्ये, म्हणजे पहिली काही वर्षं त्याने पाहुण्यांना जेवू घातलं ते शिधापत्रिकेच्या काळात. 1958 मध्ये पीटर हर्बर्टने ग्रेव्हटाय भाड्याने घेतलं. फुलबागेत तण माजलं होतं. त्याने घर आणि बाग दोन्ही मार्गी लावली आणि पुढची चार दशकं हॉटेल चालवलं. 2010 मध्ये मालकी बदलली, आणि ग्रेट डिक्सटरच्या बागेत तयार झालेला टॉम कॉवर्ड मुख्य माळी म्हणून आला. आज दिसतो तो मळा या शेवटच्या टप्प्यातला.

(दृश्य: टोपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी. ओली माती झटकली जाते.)

आता स्वयंपाकघरात येऊ.

बहुतेक मोठ्या हॉटेलांत शेफ आधी मेन्यू लिहितो आणि मग माल मागवतो. मळ्यावर चालणाऱ्या स्वयंपाकघरात उलटं होतं. माळी सांगतो, या आठवड्यात काय तयार आहे, काय संपत आलंय, कशाला कीड लागली. त्यानंतर शेफ पेन उचलतो. पेरणीचं बोलणं तर हिवाळ्यातच होतं, बियांची यादी समोर ठेवून, दोघांनी मिळून.

मटाराचंच घ्या. शेंग वेलीवरून तोडली की काही तासांतच दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं. हुरडा शेतातच, आगटीजवळ बसून का खायचा, हे ज्याला कळतं त्याला ग्रेव्हटायचा शेफ मटारासाठी इतका का हटून बसतो, हेही कळेल. मळ्यापासून पातेल्यापर्यंतची काही मिनिटांची वाट हीच इथली खरी श्रीमंती. चांदीचे काटे-चमचे कुठेही विकत मिळतात.

आणि एप्रिल हा यातला सगळ्यात अवघड महिना. बाहेर डॅफोडिल्स फुललेत, झाडांना पालवी आलीय, पण मळा जवळजवळ रिकामा. हिवाळी कोबी आणि कंद संपलेले, नवीन पीक अजून बोटभर. इंग्लिश माळी या दिवसांना ‘भुकेची फट’ म्हणतात. आपल्याकडे वैशाखात भाजी महागते आणि सांडगे, पापड, कडधान्यं डब्यातून बाहेर निघतात, तसेच हे दिवस. मग कसरत सुरू होते. मातीच्या उंच कुंड्या उपड्या घालून अंधारात वाढवलेल्या रुबार्बच्या, म्हणजे एका आंबट देठांच्या भाजीच्या, गुलाबी, कोवळ्या दांड्या. साठवणीतलं बीट. मागच्या उन्हाळ्यात बरण्यांत भरलेलं लोणचं. भाजीच्या शतावरीचे, म्हणजे ॲस्परॅगसचे, पहिले कोंब महिनाअखेरीला मान वर काढतील. त्यांचा हंगाम जूनच्या एकवीस तारखेच्या आसपास थांबवायचा, म्हणजे मुळांना पुढच्या वर्षासाठी बळ उरतं. पाहुणा कितीही मोठा असो, त्यानंतर कापणी नाही. मला या घराची ही शिस्त सगळ्यात जास्त भावते.

(दृश्य: संध्याकाळ. जेवणघर. काचेपलीकडे फुलबाग.)

जुनं जेवणघर ओकच्या फळ्यांनी मढवलेलं, काहीसं अंधारं होतं. 2018 मध्ये बागेच्या बाजूने नवीन जेवणघर बांधलं, त्याची एक बाजू सगळी काचेची. जेवणाऱ्याच्या समोर ताट आणि ताटामागे फुलबाग. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पानं वाढताहेत तोवर बाहेरचे रंग सावकाश मावळत जातात. जुन्या घराला काच लावणं अनेकांना खटकतं. इथे मला ते पटलं, कारण रॉबिन्सनने आयुष्यभर जे केलं ते दिसावं म्हणूनच ही काच आहे.

शेवटचं ताट गेलं. देठं आणि सालं बादलीत जमली. कुजून, काळी होऊन ती पुन्हा वाफ्यात येतील.

(दृश्य: दुसरी सकाळ. काचेचं पीच-घर. गुलाबी फुलं.)

इंग्लंडमध्ये पीच लवकर फुलतो, मधमाश्या पुरत्या बाहेर पडायच्या आधीच. म्हणून काचेखाली पीच वाढवणारे माळी हातात मऊ कुंचला घेतात आणि फुलामागून फूल, मधमाशीचं काम स्वतः करतात. आता फुलं गळायला लागलीत. पाकळ्यांमागे लवदार, हिरवे, वाटाण्याएवढे गोळे दिसतात.

ते ताटात यायला अजून साडेतीन-चार महिने आहेत.