टाळी कोणाला?

(ब्रिटनमधल्या आमच्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि आत गुळपोळ्या गरम व्हायला लागल्यात हे मला वासावरून कळतंय. म्हणून प्रस्तावना वगैरे न करता एकदम हत्तीवर येतो.

२४ ऑगस्ट १९७१, ओव्हलचं मैदान. इंग्लंडच्या दुसऱ्या डावाचा १०१ धावांत खुर्दा झालेला, चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतलेले. आपल्याला जिंकायला १७३ हव्यात. शेवटच्या दिवशी सकाळी सकाळीच वाडेकर ४५ वर धावचीत. दुसरा कोणी कप्तान असता तर गॅलरीत नखं खात बसला असता. आपले अजितराव ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपले! जिंकल्याचं त्यांना उठवून सांगावं लागलं. इंग्लंडमध्ये इंग्लंडला कसोटीत हरवण्याची ती आपली पहिली वेळ. तोवर आपण इथं येऊन नुसता मार खाऊन जायचो.

त्या दिवशी होती गणेश चतुर्थी. इथल्या काही भारतीय मंडळींनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची एक हत्तीण मागून आणली आणि चक्क ओव्हलच्या मैदानावर फिरवली. आज आपल्याला या हॉलमध्ये आरतीला कापूर लावायचा तर फायर अलार्मवाल्यांना आठ दिवस आधी ईमेल करावा लागतो. त्या लोकांनी हत्ती आणला. कसा मागितला असेल हो? "साहेब, आमचा पाहुणचार संपत आलाय, जरा हत्ती द्या"? मला त्या मॅचच्या धावफलकापेक्षा त्या अर्जाचं कुतूहल जास्त आहे.

ही झाली चाहत्यांची हौस. मला आज बोलायचंय ते हौसेच्या पुढचं. मैदानावर बसलेला माणूस टाळी कोणाला देतो, आणि कोणाला देत नाही, याबद्दल.

आपल्याला इथं हा प्रश्न अगदी अधिकृतपणे विचारला गेला होता. एप्रिल १९९० मध्ये नॉर्मन टेबिट यांनी, थॅचरबाईंचे ते माजी मंत्री, एका अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं की ब्रिटनमधले बरेचसे आशियाई लोक क्रिकेटच्या परीक्षेत नापास होतील. ते कोणाच्या बाजूने ओरडतात ते बघा, म्हणाले. मी तेव्हा इथं नवाच होतो. ऑफिसात चहाच्या वेळी लोक माझ्याकडे बघायचे, विचारायचं कोणी नाही. इंग्रज माणूस असं काही तोंडावर विचारत नाही, हवामानाबद्दल बोलतो.

आणि त्याच उन्हाळ्यात आपला संघ आला. लॉर्ड्सवर गूचने ३३३ केल्या. इंग्लंडने ४ बाद ६५३ वर डाव सोडला. फॉलोऑन, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला येणं, टाळायला आपल्याला ४५४ हव्या होत्या, आणि ४३० ला नववा गडी पडला. एका टोकाला कपिल, दुसऱ्या टोकाला नरेंद्र हिरवाणी. हिरवाणीच्या फलंदाजीबद्दल मी काही बोलत नाही, सणाचा दिवस आहे. कपिलने हिशेब केला: हव्यात २४, गोलंदाज हेमिंग्ज, ऑफस्पिन. चार चेंडू, चार षटकार. संपला प्रश्न. आणि हिरवाणी पुढच्याच षटकात, मिळालेल्या पहिल्याच चेंडूवर पायचीत! म्हणजे कपिलने एक धाव काढून त्याला स्ट्राइक दिली असती तर... जाऊ दे. आमच्या ऑफिसातल्या रेडिओभोवती आम्ही सातआठ जण होतो. चौथ्या षटकाराला माझ्या शेजारचा यॉर्कशायरचा गडी टेबलावर हात आपटून ओरडला. तीन दिवसांपूर्वी गूचच्या तिनशेला मी टाळी वाजवली होती. आता टेबिटसाहेबांनी आम्हा दोघांना काय मार्क द्यावेत ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी मँचेस्टरला एका सतरा वर्षांच्या पोराने नाबाद ११९ करून कसोटी वाचवली. ते पोर कोण, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

तर दाद देण्याची ही सवय आपल्याकडे आली कुठून? मैदानांवरून आली. आझाद मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, एका मॅचचा फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या पॉइंटच्या शेजारी उभा. तिथं स्टँड नाही, तिकीट नाही. ऑफिसला निघालेला माणूस वाकडी वाट करून पाच ओव्हरी बघतो, "डावा खांदा उघडतोय याचा" असा शेरा मारतो आणि गाडी पकडतो. कांगा लीग तर भर पावसाळ्यात. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, आणि छत्री घेऊन उभे असलेले प्रेक्षक. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना असली की कसोटी खेळलेली माणसं क्लबच्या टोपीत उतरायची. बघणारे कोणाचंही कौतुक सहज करत नसत. पन्नास केल्या? बरं. शंभर का नाही केल्यास? मुंबईचे खेळाडू खडूस म्हणतात ना, ते बघणाऱ्यांमुळे झाले असं माझं ठाम मत आहे.

पण हाच खडूस माणूस चीज दिसली की पक्ष विसरायचा. १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी एमसीसी या इंग्रज क्लबाच्या संघाविरुद्ध ११ षटकार मारून १५३ केल्या, त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी १४८ केल्या. संस्कृतचे प्राध्यापक! गोऱ्यांच्या क्लबाबाहेर झाडांवर चढून लोकांनी तो खेळ पाहिला. मग १९४३-४४ ची पंचरंगी स्पर्धा घ्या, धर्मावरून पाडलेल्या संघांची. ब्रेबॉर्नवर अंतिम सामना, हिंदू विरुद्ध इतर. विजय मर्चंट नाबाद २५०, हिंदूंच्या ५ बाद ५८१. इतरांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७, त्यातल्या एकट्या विजय हजारेंच्या ३०९! भाऊ विवेक हजारे दुसऱ्या टोकाला नुसता उभा राहिला, तीनशेच्या भागीदारीत त्याच्या २१. सांगलीच्या या ख्रिस्ती मराठी माणसाचा संघ डावाने हरला, पण पुढे कित्येक वर्षं चाळीच्या गॅलऱ्यांमध्ये मर्चंट मोठा की हजारे हा वाद चालला. सामना कोणी जिंकला होता हे निम्म्यांना आठवतही नसेल.

उलट बाजूची एक गोष्टही आपल्याच अंगणातली. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, रणजी सामना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२. आणखी दहा धावा, म्हणजे दोनअडीच चौके. महाराष्ट्र ४ बाद ८२६. तेवढ्यात काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितलं, डाव घोषित करा नाहीतर आम्ही निघालो. आणि निघाले. सामना सोडून, बॅगा भरून. आपल्याविरुद्ध विक्रम झाला अशी नोंद नको, म्हणून. भाऊसाहेब कसोटी एकही खेळले नाहीत. त्यांच्या त्या ४४३ पेक्षा ते न मिळालेले दहा रन आपल्या पिढीने जास्त मोजले.

आता थोडं कडू. तिळगुळाच्या दिवशी गोड बोलावं हे मला मान्य आहे, पण टाळ्यांचा विषय काढला तर हेही आलंच.

पालवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये पगारावर खेळपट्टी बघायचे आणि साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी टाकायचे. फलंदाजी त्यांना कोणी देत नसे. डावखुरी फिरकी अशी की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. घेतलं, आणि चहाच्या वेळी पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला, कारण ते चांभार समाजाचे. बळी घेतला की टाळ्या, ओव्हर संपली की अंतर. १९११ मध्ये याच देशात येऊन त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. त्याने स्पर्धा जिंकून दिली तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी त्या संध्याकाळी विठ्ठलला पानावर बसवलं असतं, हा प्रश्न मला पडतो.

प्रेक्षक म्हणून आपण नेहमी शहाणे होतो असं नाही. १९६९ मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवनला झेलबाद दिलं. स्टँडमध्ये कानाला ट्रान्झिस्टर. समालोचक म्हणाला, हा बाद वाटत नाही, आणि खुर्च्या पेटल्या. १९९१ मध्ये पाकिस्तान खेळू नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. हे काही जणांना इथं ऐकायला आवडणार नाही, चालेल. आणि मार्च २००६ मध्ये त्याच वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावर, सचिन एक धाव करून बाद होऊन परतताना त्याला हुर्यो मिळाली. ज्या पोराला आम्ही डोक्यावर घेतलं त्याला. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि आवाज बंद केला.

म्हणून मला डिसेंबर २०२१ ची वानखेडे जास्त आवडते. एजाझ पटेल, जन्म मुंबईचा, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. त्याने भारताचे एका डावात दहाच्या दहा गडी बाद केले, ११९ धावांत. लेकर आणि कुंबळे यांच्यानंतर तिसराच. मुंबईकरांनी त्याला टाळ्या दिल्या. न्यूझीलंडचा संघ लगेच ६२ वर कोसळला आणि सामना भारतानेच जिंकला, पण त्या दिवशीचा नायक परका नव्हता आणि आपलाही नव्हता. टेबिटसाहेबांच्या परीक्षेत या पोराला कुठल्या बाकावर बसवायचं?

तिकडे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची तर २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पंचाईतच झाली. मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर दिवसा सॉफ्टवेअर लिहितो. त्याने अमेरिकेकडून खेळताना डॅलसला सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, तेव्हा सगळे खूश. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्यानेच विराटला पहिल्या चेंडूवर आणि मग रोहितला घरी पाठवलं. न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ सांगत होता, "आम्ही अर्धे उठलो, अर्धे बसलो, आणि मग सगळे एकमेकांकडे बघून हसलो."

माझ्या घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. जुलै २०१७, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, लॉर्ड्स. ज्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायला १९९८ उजाडेपर्यंत वेळ लावला त्याचं मैदान त्या दिवशी भरलं होतं. मी आणि माझी लेक. ती इथंच जन्मलेली, शाळेच्या संघात मध्यमगती गोलंदाजी टाकणारी. आपल्याला २२९ हव्या. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ केल्या, ३ बाद १९१ झाले, मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो. मग ॲन्या श्रबसोलने डावच उलटवला. ४६ धावांत ६ बळी, आपण ९ धावांनी हरलो. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि शेजारी लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती. "बाबा, तिचा सीम बघितलास?" मी बघितला नव्हता. मी धावफलक बघत होतो. घरी परतताना ट्यूबमध्ये तिने मला श्रबसोलच्या प्रत्येक बळीचा चेंडू कसा आत आला ते तिकिटाच्या मागे काढून दाखवलं. ते तिकीट अजून तिच्याकडे आहे, माझ्याकडे मागितलं तरी देत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात नेरूळला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि त्या हिशेबाची फेड झाली. उपांत्य फेरीत वांद्र्याच्या जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, ३३९ चा पाठलाग. फायनल मध्यरात्रीनंतर संपली. सगळे हरमनप्रीतकडे बघत होते, आपल्या सांगलीच्या स्मृतीकडे बघत होते. मी प्रशिक्षकाकडे बघत होतो. अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये सचिन आणि विनोदने ६६४ ची भागीदारी केली तेव्हा शारदाश्रम शाळेचा जो पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, तो हा. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, भारताची टोपी मिळाली नाही.

आता कामाचं बोलतो. जुलै २०२६ मध्ये लॉर्ड्सवर भारत आणि इंग्लंडच्या महिलांची कसोटी आहे, लॉर्ड्सवरची महिलांची पहिलीच. आपल्या मंडळाची एकत्र तिकिटं काढावीत अशी माझी सूचना आहे. वन-डेची तिकिटं आपण दरवर्षी भांडून घेतो, ही कसोटी आहे, दिवसभर बसायचंय, धीर असलेल्यांनीच नावं द्या. ढोल-ताशा आणि मोठे झेंडे तिथं चालत नाहीत, हे पथकाच्या पोरांनी आत्ताच ऐकून ठेवा. डबा चालतो. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. नावापुढे कोणाच्या बाजूने येणार असा रकाना चिटणीसांनी हौसेने आखला होता, तो मी खोडलाय. त्या जागी शाकाहारी की मांसाहारी ते लिहा.