न्हाणीघरातली हौस

श्रोतेहो, नमस्कार.

२००५ च्या आसपास तुमच्या इमारतीत कुणी बाथरूमचं काम काढलं असेल, तर ते कसं दिसत असेल हे मी न पाहता सांगते. भिंतीवर कमरेपर्यंत गडद टाइल, वर त्याच रंगाची फिकी, आणि दोन्हींच्या मध्ये एक पट्टा. पट्ट्यावर फुलं, शिंपले, बांबू, नाही तर पाण्यातून उसळी मारणारा डॉल्फिन. डार्क, लाइट आणि हायलायटर असा संचच दुकानात मांडून ठेवलेला असायचा, गिऱ्हाइकाने फक्त रंग सांगायचा. कोकणात तोच डॉल्फिन, पुण्याच्या उपनगरांत तोच, आणि समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या नागपुरातही तोच.

आज ते घर विकायला काढलं की बघायला आलेला माणूस आधी म्हणतो, "बाथरूम तेवढं तोडावं लागेल." एकही टाइल निखळलेली नसते. पाणीही कुठे झिरपत नसतं. तरी ते जुनाट वाटतं. आणि एखाद्या जुन्या बंगल्यातलं सहा इंची पांढऱ्या टाइलचं न्हाणीघर, याच्या दुप्पट वयाचं असूनही तसं वाटत नाही. असं का होतं, आणि आज काम काढणाऱ्याने त्यातून काय घ्यावं, हा आजचा विषय.

पांढऱ्या टाइलचं मूळ फॅशनमध्ये नाही. जंतूंमुळे रोग होतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांना पटलं, आणि युरोप-अमेरिकेत दवाखान्यांपासून न्हाणीघरांपर्यंत सगळं पांढरं होऊ लागलं. मळ दिसला पाहिजे, म्हणजे तो काढला जाईल, हा विचार. १९०४ मध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा स्थानकांच्या भिंतींना तीन बाय सहा इंचांची चकचकीत पांढरी टाइल लावली होती. तशी टाइल आजही आपल्याकडे 'सबवे' याच नावाने विकली जाते.

रंग मागाहून आला. कोहलर या अमेरिकी कंपनीने १९२७ मध्ये रंगीत बेसिनं आणि टब बाजारात आणले. १९५० च्या दशकात तिकडे गुलाबीची लाट आली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांना हा रंग इतका प्रिय, की 'मेमी पिंक' असं नावच पडलं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ॲव्होकाडोच्या गरासारखा हिरवा रंग घराघरांत शिरला. आता तिथे तो थट्टेचा विषय आहे. आपल्याकडे रंगांची हौस १९८० आणि ९० च्या दशकांत भागवून घेतली गेली. गुलाबी कमोड, त्याला जुळणारं गुलाबी बेसिन. कुणाकडे आकाशी, कुणाकडे फिकट हिरवं. पुढे कमोडची सीट तुटायची, त्या छटेची दुसरी मिळायची नाही, आणि मग गुलाबी कमोडवर पांढरी सीट बसायची. असं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

तर मुद्दा रंग वाईट की चांगला, हा नाही. जिथे बदल करायला छिन्नी-हातोडा लागतो, तिथे फॅशन करू नये. जिथे पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो, तिथे मनसोक्त करावी. टाइल, भिंतीच्या आतले पाइप आणि कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा भिंतीत दडवलेला कॉक, जमिनीखालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग, ही सगळी हातोड्याची खाती. आरसा, दिवा, हुक, टॉवेल रॉड, शॉवरची जाळी, दाराचा रंग, ही पान्याची. तुम्हाला मोरपंखी रंगाचं वेड असेल तर मोरपंखी दार करा की! दोन वर्षांनी कंटाळा आला तर रविवारी दुपारी बदलता येतं. हल्ली टाइल थेट छतापर्यंत न्यायची रीत आहे. मी मात्र सात फुटांवर थांबवून वर पाण्याला टिकणारा रंग द्यावा म्हणते. खर्च वाचतो, आणि घराला पुन्हा रंग काढाल तेव्हा बाथरूमही नवं होतं.

आता टाइलच्या दुकानात चला. तिथे आज जे भुरळ घालतं ते छपाईचं काम आहे. डिजिटल छपाईमुळे सिरॅमिकवर आता लाकूड, संगमरवर, गंजलेला पत्रा, काहीही छापता येतं. माझा अनुभव असा, की जे दुसऱ्या कशाचं तरी सोंग घेतं ते सगळ्यात लवकर जुनं होतं. कारण पुढच्या वर्षी सोंग आणखी हुबेहूब वठवणारी टाइल येते आणि आपली उघडी पडते.

एक उदाहरण देते. नक्षीच्या सिमेंट फरश्या. मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज या कंपनीने १९२२ पासून त्या बनवल्या, स्वदेशीच्या भरात. जुन्या इमारतींत अशा फरश्या अजून शाबूत आहेत. या फरशीत रंग वरवर लावलेला नसतो. रंगीत सिमेंटचा काही मिलिमीटर जाडीचा थर साच्यात भरून दाबलेला असतो. वापराने ती झिजते, पण नक्षी तशीच राहते. हल्ली तीच नक्षी 'मोरोक्कन' म्हणून सिरॅमिकवर छापून येते. टवका उडाला, की खालची पांढरी नाही तर लाल माती दिसते. मोझॅकचंही तेच. साठ-सत्तरच्या दशकांतल्या घरांतली मोझॅक फरशी आपण हौसेने उखडून टाकली, आणि आता 'टेराझो' म्हणून तिचं चित्र विकत घेतोय. असो.

तरीही संगमरवरी छटाच हवी असेल तर दुकानदाराला विचारा, "यात रँडम किती?" म्हणजे एकाच डिझाइनचे वेगवेगळे छाप किती आहेत. एकच छाप असेल तर तीच करडी शीर प्रत्येक टाइलवर, त्याच जागी दिसते, आणि एकदा लक्षात आली की रोज आंघोळीच्या वेळी तिथेच नजर जाते.

मला सारखा विचारला जाणारा प्रश्न: मग आजचा डॉल्फिन कोणता? माझा अंदाज सांगते, रागावू नका. जमिनीपासून छतापर्यंत सिमेंटसारखी राखाडी टाइल, काळे नळ आणि उभ्या रेघांची फ्लूटेड पॅनेलं. हे तिन्ही एकत्र असलं की पुढे दहा वर्षांनी काम कोणत्या सालचं ते कुणीही सांगेल. काळ्या नळांची आणखी एक अडचण आहे. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल, तर त्यातले क्षार काळ्यावर पांढरे डाग पाडतात आणि रोज पुसल्याशिवाय ते जात नाहीत. क्रोमवरही पडतात, पण कमी उठून दिसतात. गेली कित्येक दशकं क्रोम टिकून आहे त्यामागे हेही एक कारण असावं.

काचेच्या पार्टिशनबद्दलही हेच. त्यात आपल्यातले बहुतेक जण अजून बादली-मग घेऊन आंघोळ करतात. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये काचेचा कोनाडा करायचा आणि आत बादली ठेवली की माणसाला कोपर हलवायला जागा उरायची नाही, हा प्रकार मी पुष्कळ घरांत पाहिला. घरातली माणसं कशी आंघोळ करतात हे आधी बघा. खाली बसून करणारं कुणी असेल, तर नळाची उंची, पाट ठेवायची जागा आणि धरायचा दांडा यांचा विचार शॉवरच्या आधी व्हायला हवा. दांडा आज लावायचा नसला तरी तो पुढे कुठे येईल ते ठरवून ठेवा. म्हणजे तेवढ्या भागातून पाइप नेऊ नका.

जमिनीकडे येऊ. दोन बाय चार फुटांची मोठी टाइल भिंतीला शोभते, सांधे कमी येतात. जमिनीला मात्र ढाळ द्यायचा असतो, न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे, फुटाला साधारण पाव इंच. मोठ्या टाइलला तो ढाळ देताच येत नाही, ती कर्णात कापावी लागते आणि ते काप कायम दिसत राहतात. म्हणून खाली एक फूट बाय एक फूट, मॅट, पाय न घसरणारी. दुकानात ती ओली करून तिच्यावर पाऊल ठेवून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

दगडाविषयी लोक विचारतात. कोटा, शहाबादी, कडाप्पा दिसायला कधीच शिळे होत नाहीत, हे खरं. पण हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. आपल्याकडे बाथरूम घासायला बाटलीतलं ॲसिड वापरायची सवय आहे, आणि ॲसिड चुनखडीला खातं. फेस येतो, आपल्याला वाटतं मळ निघाला. निघालेला असतो दगड. तुमच्या घरात ॲसिडची बाटली येत असेल तर दगडाच्या वाटेला जाऊ नका.

ॲसिडचा विषय निघालाच आहे, तर टाइलच्या सांध्यांबद्दल बोलायलाच हवं. ज्याला आपण जुनाट बाथरूम म्हणतो, त्यातलं निम्मं जुनाटपण डिझाइनचं नसतंच, काळवंडलेल्या सांध्यांचं असतं. पूर्वी टाइल टाइलला चिकटवून बसवायचे आणि फटीत पांढरं सिमेंट भरायचे. ते पाणी शोषतं, पिवळं पडतं, ॲसिडने झिजतं, मग त्यात बुरशी धरते. आता स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटरची सारखी फट ठेवा आणि एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी पाणी न शोषणारं राळेचं मिश्रण, भरा. महाग पडतं, आणि मिस्त्री कुरकुर करतो कारण ते लवकर घट्ट होतं आणि वेळेत पुसावं लागतं. त्याला करू द्या कुरकुर. रंग टाइलपेक्षा किंचित गडद निवडा. शुभ्र सांधा शुभ्र राहत नाही. आणि एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवा. भिंत कोरडी राहिली तर बुरशीला थारा मिळत नाही.

बेसिन आणि कमोड पांढरे घ्या, एवढंच त्यांच्याबद्दल. पण पांढऱ्यातही एक निळसर असतो आणि एक दुधी. दोन्ही भांडी शेजारी ठेवून, उजेडात बघून घ्या.

काम सुरू झाल्यावर घाई कुठे करू नये, तेही सांगते. वॉटरप्रूफिंग झालं की न्हाणी ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवा, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. टाइलचे खोके आले की प्रत्येकावरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, ते मिस्त्री यायच्या आधी तपासा. एकदा टाइल भिंतीला लागली की दुकानदार परत घेत नाही. प्रत्येक प्रकारच्या टाइलचा एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवा. सहा-सात वर्षांनी आतला पाइप गळला आणि चार टाइल फोडाव्या लागल्या, तर ते डिझाइन तोवर बंद झालेलं असतं, आणि चांगल्या भिंतीत मधेच ठिगळ बसतं. साध्या एकरंगी टाइलला निदान जवळपासची जोड मिळते, फुलाफुलांच्या टाइलला ती मिळायची नाही.

आणि टाइल लावण्याआधी, भिंती उघड्या असताना, चारही बाजूंचे फोटो काढा. फोटोत मोजपट्टी धरा, म्हणजे कुठला पाइप जमिनीपासून किती उंचीवर गेलाय ते कळेल. पुढे आरसा टांगायला ड्रिल लावाल, त्याआधी ते फोटो उघडून बघा.

नमस्कार.