बनावट: लंडन

अध्यक्ष महाराज, आणि आभाळ भरून आलेलं असताना आलेल्या मंडळींनो. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या दुनळी बंदुकीचा कारागीर कसा शोधावा'. पंचेचाळीस मिनिटं दिलीत. मी आयटीआयत तीस वर्षं टर्नरच्या पोरांना शिकवलं. तिथं तासातली वीस मिनिटं हजेरीतच जायची, तेव्हा वेळेची काळजी तुम्ही करा.

आधी एक खुलासा. बंदूक आणलेली नाही. आचारसंहिता लागलीय, परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. आमची बंदूक घरी कमी आणि ठाण्यात जास्त असते. माझ्यापेक्षा निवडणुका तिनंच जास्त जवळून बघितल्यात. तिच्याऐवजी हा कागद आणलाय. शिलालेखाचा ठसा घेतात ना, तसा नळीवर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवली. त्याच्यावर येतोच. त्याआधी परवान्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही.

वडील गेल्यावर बंदूक माझ्या नावावर करायची होती. जुन्या परवान्यात एक रकाना आहे: 'बनावट'. सरकारी मराठीत बनावट म्हणजे घडण, मेक. घरात बनावट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या रकान्यात वडिलांच्या काळच्या कुण्या कारकुनानं सुंदर अक्षरात लिहून ठेवलंय: 'लंडन फाइन ट्विस्ट'. बनावट, लंडन फाइन ट्विस्ट. त्यानं नकळत किती खरं लिहिलं, हे कळायला मला पुढं दोन वर्षं लागली.

मी म्हणालो, साहेब, ही दुरुस्ती करा, बंदूक लंडनची नाही. टेबलावरचा माणूस म्हणाला, "वर कोरलंय ना?" कोरलंय. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं आहेत, त्यावरूनच तर कारकुनानं उतरवलं. "मग नळीवर एक आणि परवान्यावर दुसरं कसं चालंल?" मी म्हणालो, नळीच्या खालच्या बाजूला वेगळं आहे. तो म्हणाला, "खाली कोण बघतो?" मंडळी, माझं सगळं व्याख्यान या एका वाक्याच्या विरुद्ध आहे. पुढच्या टेबलावर मला विचारलं, मग ट्विस्ट कंपनीचं पत्र आणता का? आता ट्विस्टचं हेड ऑफिस कुठं शोधू?

ट्विस्ट म्हणजे पीळ. कंपनी नव्हे, नळी घडवायची रीत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या सळ्या एकत्र तापवायच्या, पीळ द्यायचा, ठोकून त्यांची पट्टी करायची आणि ती पट्टी गजाभोवती पागोट्यासारखी गुंडाळत ठोकून सांधायची. गज काढला की नळी. मग आम्लानं रंगवली की लोखंड आणि पोलाद वेगवेगळं रंगतं आणि अंगावर नागमोडी रेषा उमटतात. आमच्या नळीवर पहिल्यांदा रॉकेलचं फडकं फिरवलं तेव्हा काजळीखालून ह्या रेषा वर आल्या. मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "तुमच्या पायजम्याला लागलेलं आधी पुसा." असो. तर 'लंडन फाइन ट्विस्ट' ही मालाची वाखाणणी होती. स्टँडमागं 'मुंबई टेलर्स' अशी पाटी असली म्हणून शिंपी मुंबईचा असतो का?

आमच्या घरात मात्र या बंदुकीची कुळकथा वेगळी. थोरले चुलते, तात्या, सांगायचे की ही अठराशे सत्तावन सालची. पणजोबा हाड बसवायचे. छावणीतला एक साहेब घोड्यावरून पडला, पणजोबांनी त्याचा खांदा बसवला, साहेबानं कमरेचं घड्याळ काढलं, पणजोबा म्हणाले, घड्याळ नको, मला वेळ कळते. मग बंदूक दिली. तात्या दर दिवाळीला हे सांगायचे. दरसाल साहेबाचा हुद्दा वाढायचा. शेवटच्या दिवाळीला तो कर्नल होता आणि दोन्ही खांदे निखळले होते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मुद्दा. बंदूक वरून वाचायची नाही, खालून वाचायची. पुढची लाकडी मूठ काढा, बंदूक बिजागरीवर उघडा, नळ्या उचलून वेगळ्या करा आणि उलट्या धरा. मागच्या टोकाला चपटी जागा असते. तिथं गिऱ्हाईक बघत नाही, म्हणून तिथं कायदा बोलतो. नळी जास्त दारू भरून तपासलेली आहे, याचे शिक्के तिथं असतात. लंडनच्या तपासणीचा अधिकार १६३७ पासून गनमेकर्स कंपनीकडं. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ चं. १९०४ पर्यंतच्या बर्मिंगहॅमच्या जुन्या शिक्क्यांत एकमेकांवर तिरपे राजदंड आणि वर मुकुट. लंडन किंवा बर्मिंगहॅमचा शिक्काच नसेल तर वर काय वाट्टेल ते कोरलेलं असो.

आमच्या नळीवर राजदंड नाहीत. लंबगोल आहे, त्यात ई, एल, जी ही तीन अक्षरं, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का. दुसरी खूण आकड्याची. इंग्रज बारा बोअर म्हणतात, म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी, तेवढी नळी. बेल्जियमवाले मिलिमीटर ठोकतात. आमच्याकडं १८.२ आहे. टर्नरला दुसरा पुरावा लागत नाही.

आता सत्तावन. लिएजच्या लंबगोलावर मुकुट आला १८९३ साली. म्हणजे बंदूक त्याआधीची नाही, तात्यांचा कर्नल बाद. पण साहेब बाद करायची गरज नाही. मोमिनाबाद म्हणजे आपलंच अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती आणि १९०३ ला कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात मिसळलं. गोष्ट खरी धरली तर खांदा या दहा वर्षांतच निखळला असणार. साल चुकलं, हाड तेच.

ज्यांच्या पट्टीवर कलकत्त्याचं मँटन किंवा रॉडा आहे, त्यांनीही फुगू नये. अशा पेढ्या दुसरीकडं घडलेल्या मालावरही आपलं नाव टाकून विकायच्या. याच रॉडाच्या मालातून क्रांतिकारकांनी १९१४ च्या ऑगस्टमध्ये ५० माउझर पिस्तुलं पळवली होती. तो वेगळा विषय, पुढच्या वर्षी बोलवा.

आणि कारागीर? शिक्क्याशेजारी दोन अक्षरं आहेत, ती ज्यानं माल तपासणीला नेला त्याची. घडवणारे वेगळेच. लिएजकडं हे काम घरोघरी चालायचं: नळ्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांवर, चापाची कळ दुसऱ्याकडं, दस्ता तिसऱ्याकडं. एक नाव सापडत नाही कारण एक माणूस नव्हताच. मी हे रकान्यात लिहा म्हणालो तर रकाना पुरला नसता.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. पिळाच्या नळ्या काळ्या दारूसाठी घडलेल्या आहेत. आजचं बिनधुराचं काडतूस त्यात घातलंत तर नळी फुटू शकते. डुकरांसाठी फटाके वापरा.

हा कागद पुढच्या रांगेतून मागं पाठवा. लंबगोल डावीकडं आहे, मुकुट पुसट आहे, तिरपा धरला की दिसतो. आणि परत येऊ द्या, बंदूक सुटेपर्यंत माझ्याकडं एवढंच आहे.